स्टेशनातले सगळे प्लॅटफॉर्म एकाच वेळी 'फुल्ल' झाले तर? गाडी आऊटरला का अडकते, समजून घ्या

स्टेशन दिसतंय. प्लॅटफॉर्मवरचे दिवे दिसतायत. बॅगा वरून खाली आल्यात, मुलांना बूट घालून झालेत, अर्धा डबा दारात येऊन उभा आहे. आणि गाडी थांबते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी अनुभवी काका सांगतात, "आऊटरला टाकलीये. प्लॅटफॉर्म रिकामा नाही."

बहुतेक वेळा काकांचं बरोबर असतं. पण पूर्ण बरोबर नसतं.

पुलावरून काढलेला एखादा फोटो तुम्हीही पाहिला असेल. एकाला लागून एक असे सगळे फलाट आणि प्रत्येक फलाटावर एक गाडी, एकही रूळ मोकळा नाही. फोटो म्हणून हे दृश्य भारी दिसतं. रेल्वेप्रेमी असा क्षण टिपायला तासनतास उभे राहतात. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला मात्र तोच क्षण नको असतो. कारण पुढची गाडी कुठे घ्यायची, हा प्रश्न त्याच्यापुढे असतो. अपवाद एका देशाचा. तिथे हे दृश्य दर तासाला ठरवून घडवलं जातं. त्याबद्दल पुढे.

आधी 'आऊटर' म्हणजे काय?

जुन्या, हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलांच्या काळात स्टेशनच्या बरंच अलीकडे 'आऊटर' नावाचा सिग्नल असायचा. आता बहुतेक मार्गांवर रंगीत दिव्यांचे सिग्नल आलेत आणि गाडी प्रत्यक्षात थांबते ती 'होम' सिग्नलपाशी किंवा त्याच्याही मागच्या सिग्नलला. पण बोलण्यात 'आऊटर' राहिलाच.

होम सिग्नल म्हणजे स्टेशनचा दरवाजा समजा. तो उघडायचा असेल तर काही गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. गाडी ज्या रुळावर घ्यायची तो रिकामा हवा. वाटेतला प्रत्येक सांधा, म्हणजे पॉइंट, योग्य दिशेला वळलेला आणि कुलूपबंद हवा. मध्ये फाटक असेल तर ते बंद हवं. आणि गाडी जिथे थांबणार त्या सिग्नलच्याही पुढे काही अंतर मोकळं हवं, चुकून ब्रेक उशिरा लागला तर म्हणून. रंगीत दिव्यांच्या सिग्नल पद्धतीत हे अंतर साधारण १२० मीटर असतं.

या सगळ्या अटी तपासणाऱ्या यंत्रणेला 'इंटरलॉकिंग' म्हणतात. एकही अट अपुरी असेल तर स्टेशन मास्तरने कितीही बटणं दाबली तरी सिग्नल हिरवा होत नाही. सगळे फलाट भरलेले असताना बाहेरची गाडी थांबते, ती कुणाच्या मर्जीने नाही. यंत्रणाच तिला आत सोडत नाही.

फलाट रिकामा दिसतोय, तरी गाडी बाहेर का?

इथे काकांचं गणित थोडं चुकतं. स्टेशनची क्षमता फक्त फलाटांच्या संख्येवर ठरत नाही. फलाट सहा असोत की सोळा, त्यांच्याकडे जाणारे रूळ शेवटी दोन-चार मुख्य मार्गांतूनच फुटतात. यार्डाचं हे तोंड अरुंद असतं आणि खरी कोंडी तिथेच होते.

समजा, एका टोकाच्या फलाटावरून एक गाडी सुटतेय आणि तिला आडवं जात पलीकडच्या मार्गाला लागायचंय. ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत मधले सगळे रस्ते तिच्यासाठी कुलूपबंद असतात. पलीकडचे दोन फलाट रिकामे असले तरी तिथवर पोचायचा रस्ताच बंद असतो.

यात वेळ किती जातो? २२ डब्यांची एलएचबी गाडी इंजिनासह साधारण ५४० मीटर लांब असते. जुन्या यार्डांत तीव्र वळणाच्या सांध्यांवर वेगाची मर्यादा ताशी १५ किलोमीटर असते. या वेगाने गाडीचं शेपूट सांध्यावरून निघायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. तोच सांधा जरा सौम्य वळणाचा, ताशी ३० किलोमीटर चालणारा असेल तर हाच वेळ निम्मा होतो. दिवसभरात शेकडो गाड्या जाणाऱ्या स्टेशनात ही वाचलेली एक-एक मिनिटं म्हणजेच जादा गाड्यांची जागा. म्हणून 'यार्ड रीमॉडेलिंग' हा कंटाळवाणा वाटणारा शब्द नव्या फलाटाइतकाच महत्त्वाचा असतो.

पुणे स्टेशनचं उदाहरण घ्या. आजची इमारत १९२५ सालची. फलाट सहा. एका बाजूने मुंबई, दुसऱ्या बाजूने दौंड आणि मिरज, मधूनच लोणावळ्याच्या लोकल, शिवाय इथूनच सुटणाऱ्या आणि इथेच संपणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. शहर वाढलं, गाड्या वाढल्या, डबे वाढले, फलाट मात्र सहाच राहिले. त्यामुळे काही गाड्या हडपसरवरून सोडायला सुरुवात झाली आणि खडकीलाही पर्यायी टर्मिनस म्हणून तयार केलं जातंय. प्रवाशाला हडपसर गाठणं जिवावर येतं हे खरंच आहे. पण इथे संपणारी गाडी साफसफाई, पाणी, इंजिन बदलणं यासाठी फलाट अडवून बसते. मिरजेहून येऊन मुंबईकडे जाणारी गाडी काही मिनिटांत निघून जाते. फरक तिथे पडतो.

टर्मिनस: इथे पुढे रस्ताच नाही

आता सीएसएमटीकडे येऊ. १८ फलाट. एक ते सात लोकलसाठी, आठ ते अठरा मेल-एक्सप्रेससाठी. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला निघाली ती याच परिसरातल्या बोरीबंदरहून. हे टर्मिनस आहे, म्हणजे रूळ इथे संपतात. आलेली गाडी पुढून निघून जाऊ शकत नाही. आली त्याच तोंडाने तिला परत जावं लागतं. म्हणजे प्रत्येक गाडी यार्डाचं तोंड दोनदा अडवते.

लांब पल्ल्याच्या गाडीचं तर आणखी अवघड. गाडी आत आली की इंजिन टोकाच्या बफरपाशी अडकतं. मागे रिकामे डबे, पुढे भिंत. दुसरं इंजिन मागून येऊन रेक ओढून वाडीबंदर किंवा माझगावच्या यार्डात नेत नाही तोवर आधीचं इंजिन हलूच शकत नाही. रेक गेला की ते सुटतं. तोवर फलाट अडलेला. थोड्या वेळाने सुटणाऱ्या गाडीचा रेक यार्डातून येऊन उभा करायचा, तेव्हा पुन्हा तोंड अडलेलं.

लोकलला ही कटकट नाही. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. चर्चगेटला जाऊन पाहा. फक्त चार फलाट. पश्चिम रेल्वे दिवसाला सुमारे १,४०० लोकल फेऱ्या चालवते आणि त्यातल्या बऱ्याच या चार रुळांवर येऊन परत फिरतात. गर्दीच्या वेळी चारही फलाटांवर लोकल उभ्या असणं ही तिथे बातमी नाही, रोजचं आहे. गाडी आली, माणसं उतरायच्या आत माणसं चढली, दुसऱ्या टोकाला दुसरा मोटरमन तयार, गाडी निघाली. एका गाडीला चार-पाच मिनिटं जास्त लागली की पाठीमागे मरीन लाईन्स, चर्नी रोडपर्यंत लोकलची रांग लागते.

टर्मिनसमध्ये आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे सिग्नलच्या पुढचं ते मोकळं अंतर. पुढे थेट बफर. २८ जून २०१५ ला चर्चगेटला एक लोकल बफर तोडून तीन नंबरच्या फलाटावर चढली होती. पाच जण जखमी झाले. रविवार होता, म्हणून गर्दी कमी होती.

फलाट वाढवता येत नसतील तर लांबवता येतात, पण त्याचीही किंमत असते. २०२४ च्या मे महिन्याअखेर मध्य रेल्वेने ठाण्यात ६३ तासांचा आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक घेतला होता. सीएसएमटीचं काम होतं १० आणि ११ नंबरचे फलाट लांबवण्याचं, तिथे २४ डब्यांच्या गाड्या मावाव्यात म्हणून. तीन दिवसांत ९०० हून अधिक लोकल रद्द झाल्या. ज्यांनी ते तीन दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

एका रुळावर दोन गाड्या घेता येत नाहीत का?

घेता येतात. 'कॉलिंग ऑन' नावाचा एक छोटा सिग्नल होमच्या खाली असतो. गाडी आधी पूर्ण थांबवायची, मग तो सिग्नल देऊन अगदी सावकाश आत घ्यायची. पुढे गाडी उभी असेल तर नियमाप्रमाणे तिच्या किमान ४५ मीटर अलीकडे रेल्वे कर्मचारी थांबण्याचा हात-सिग्नल घेऊन उभा राहतो. पण ही रोजची पद्धत नाही, अडचणीतली वाट आहे.

ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटसारख्या स्टेशनात मात्र एकाच फलाटाचे 'ए' आणि 'बी' भाग करून दोन छोट्या गाड्या एकामागे एक उभ्या करणं नेहमीचं आहे. तिथल्या गाड्या लहान असतात म्हणून जमतं. आपल्याकडे कर्नाटकात हुबळीला २०२३ मध्ये १,५०७ मीटरचा फलाट झाला, जगातला सर्वांत लांब. तिथेही दोन पूर्ण लांबीच्या गाड्या एकाच फलाटाला लागू शकतात.

कोकण रेल्वे: इथे 'फुल्ल' म्हणजे थेट गाठ

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा.

रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी सगळीकडे येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना एकच रूळ. समोरासमोरच्या गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. याला 'क्रॉसिंग' म्हणतात. एक गाडी लूप लाईनला घ्यायची, दुसरी मेन लाईनवरून सोडायची.

आता विचार करा. एका छोट्या स्टेशनात तीन रूळ आहेत. एकावर मालगाडी उभी आहे, दुसऱ्यावर मडगावकडे जाणारी स्पेशल, तिसऱ्यावर मडगावकडेच जाणारी दुसरी स्पेशल. आणि पुढच्या स्टेशनातून मुंबईकडची गाडी सुटली. ती येणार कुठे? आत जागा नाही. इथल्या तिघींपैकी कुणाला पुढे काढावं तर रूळ समोरच्या गाडीने अडवलाय. कुणीच हलू शकत नाही. अशा वेळी एखादी गाडी उलटी मागे नेणं हाच मार्ग उरतो आणि त्यात सगळं वेळापत्रक कोलमडतं.

म्हणून रत्नागिरी असो वा बेलापूर, कंट्रोलरचं पहिलं काम असतं ही गाठ पडू न देणं. त्यासाठी तो तुमची गाडी दोन-तीन स्टेशनं आधीच, कुठल्याशा निर्जन स्टेशनात, पाऊण तास थांबवून ठेवतो. पुढे सगळं मोकळं असतं, हिरवंगार शेत असतं, चहावालासुद्धा नसतो. प्रवासी वैतागतात. पण ती गाडी तिथे थांबली म्हणूनच पुढचं स्टेशन तुंबत नाही. उत्सवाच्या दिवसांत जादा गाड्या याच एकेरी रुळावर सोडल्या जातात, त्यामुळे थांबे आणखी वाढतात. यावर उपाय म्हणून कोकण रेल्वेने मधल्या अंतरांत कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं उभी केली. गाड्यांना ओलांडायला जागा वाढल्या, तरी रूळ एकच राहिला.

चारही रूळ भरलेले, आणि एक चुकलेली वायर

सगळे रूळ व्यापलेले असताना यंत्रणा चुकली तर काय होतं, हे २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात दिसलं.

छोटं स्टेशन. दोन मेन लाईन, दोन लूप लाईन. दोन्ही लूपवर मालगाड्या उभ्या होत्या. एका मेन लाईनवरून कोरोमंडल एक्सप्रेस चेन्नईच्या दिशेने येत होती, दुसरीवरून यशवंतपूर–हावडा एक्सप्रेस हावड्याकडे जात होती. म्हणजे चारही रूळ एकाच वेळी वापरात. असं होणं नियमाला धरूनच होतं, त्यात काही चूक नव्हती.

कोरोमंडलला सिग्नल मिळाला तो सरळ मेन लाईनचा. पण प्रत्यक्षात सांधा लूपकडे वळलेला होता. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांना लागले. २९० हून अधिक लोक गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल करताना झालेल्या वायरिंगच्या चुकांचं. सांधा वेगळीकडे होता आणि यंत्रणेला वाटत होतं तो सरळ आहे.

एरवी इंटरलॉकिंग गाडीला बाहेर थांबवतं तेव्हा चिडचिड होते. बहानगाला त्याने थांबवलं नाही.

गाड्या नाही, माणसं जास्त

फलाट भरण्याचा दुसरा अर्थ रुळावर नाही, रुळाच्या बाजूला दिसतो. गाडी वेळेवर सुटली नाही की तिचे प्रवासी फलाटावर साचतात. पुढच्या गाडीचे येतात, तेही साचतात. मग एकदम दोन-तीन गाड्या लागतात आणि सगळ्यांचा लोंढा एकाच पुलावर जातो.

१० फेब्रुवारी २०१३, कुंभमेळ्यातली मौनी अमावस्या. तेव्हाच्या अलाहाबाद जंक्शनवर पादचारी पुलापाशी चेंगराचेंगरी होऊन ३६ जण गेले. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर सकाळच्या गर्दीत २३ जणांचा जीव गेला. पाऊस होता, लोक पुलावरच थांबले होते आणि दोन्ही बाजूच्या लोकलमधून नवी गर्दी येतच होती. तिथला नवा पूल पुढे लष्कराने बांधून दिला. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनात, प्रयागराजला निघालेल्या गर्दीत, १४ आणि १५ नंबरच्या फलाटांकडे जाणाऱ्या जिन्यावर १८ जण गेले.

दिल्लीनंतर रेल्वेने देशातल्या ७३ मोठ्या स्टेशनांबाहेर कायमच्या प्रतीक्षा जागा उभारायचं ठरवलं. गाडी फलाटाला लागली की मगच लोकांना आत सोडायचं, असा विचार. म्हणजे गाड्यांना जसा होम सिग्नल, तसाच माणसांना.

फलाटाचे आकडे बदलणं, घोषणा नीट ऐकू न येणं, हे यामुळेच किरकोळ नाही. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट दोन्हीकडे एक नंबरपासून सुरू व्हायचे आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूचे नंबर ८ ते १४ असे सलग केले. हे आधीच का झालं नाही, हा प्रश्न दादरकरांना आजही पडतो.

जिथे हे ठरवून केलं जातं

आता तो देश. स्वित्झर्लंड.

तिथे १९८२ पासून गाड्या ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला धावतात. पुढे १९८७ मध्ये जनमत घेऊन 'बान २०००' नावाची योजना मंजूर झाली आणि तिचा मोठा टप्पा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. कल्पना सोपी आहे. झुरिकसारख्या मोठ्या जंक्शनात तास भरायच्या जरा आधी सगळ्या दिशांच्या गाड्या येतात. फलाट भरतात. प्रवासी या गाडीतून त्या गाडीत जातात. तास उलटला की सगळ्या गाड्या निघतात आणि स्टेशन रिकामं होतं.

हे जमायला दोन जंक्शनांमधला प्रवास तासाच्या आत बसावा लागतो. झुरिक ते बर्नला तासाहून थोडा जास्त वेळ लागायचा, म्हणून त्यांनी नवा वेगवान मार्ग बांधला. गाडी शक्य तितकी जलद नाही, गरजेपुरती जलद, असा हिशेब.

जपानने दुसरी वाट धरली. टोकियो स्टेशनात उत्तरेकडच्या शिनकान्सेन गाड्यांना फक्त चार रूळ आहेत आणि तोहोकू, जोएत्सू, होकुरिकू अशा अनेक मार्गांच्या गाड्या तिथेच परत फिरतात. गाडी १२ मिनिटांत फिरवायची, त्यातली ७ मिनिटं सफाईला. आपल्याकडे वंदे भारतसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून १४ मिनिटांत सफाईचा प्रयोग सुरू झाला, तो याच धर्तीवर. मात्र दोन्ही टोकांना केबिन असलेल्या गाडीला हे जमतं. इंजिन बदलणाऱ्या २२ डब्यांच्या एक्सप्रेसला नाही.

वेळापत्रकातली छुपी मिनिटं

शेवटी एक गंमत. दादर ते सीएसएमटी अंतर साधारण ९ किलोमीटर. लोकल हे अंतर पंधरा-वीस मिनिटांत कापते. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेळापत्रक उघडून पाहा, याच टप्प्याला अनेकदा त्याहून बरीच जास्त मिनिटं दिलेली असतात. शेवटच्या स्टेशनाआधी अशी जादा मिनिटं देशभर पेरलेली असतात. फलाट भरलेला असेल, तोंड अडलेलं असेल, हे गृहीत धरूनच. गाडी वेळेवर पोचली की नाही हे मोजतात शेवटच्या स्टेशनात. त्यामुळे भायखळ्याजवळ दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी रेल्वेच्या कागदावर बहुतेक वेळा 'राईट टाईम' असते.

आणि गाडी आऊटरला थांबली म्हणून खाली उडी मारून रुळांतून चालत जाणाऱ्यांसाठी: तुमची गाडी थांबवून ठेवलीय, कारण शेजारच्या रुळावरून दुसरी येतेय किंवा जातेय.